पोडियमवरची मिनिटं

कंडक्टिंगच्या, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा चालवण्याच्या, मास्टर्सला अर्ज करणाऱ्याची पहिली पंचाईत अशी की त्याच्याकडे रियाजाला वाद्यच नसतं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं पण खालच्या सुरांत वाजणारं वाद्य, विकत मिळतो. पियानो परवडला नाही तर कीबोर्डवर भागतं. पण ऑर्केस्ट्रा, तोही पुण्यात, आणायचा कुठून? आणि अमेरिकेतले बहुतेक संगीत विभाग अर्जासोबत नेमका तोच पुरावा मागतात: खऱ्या वादकांसमोर उभं राहून तुम्ही कंडक्ट करताय असा व्हिडिओ. कॅमेरा वादकांच्या मागे, तुमच्या चेहऱ्याकडे रोखलेला. नुसता कार्यक्रम दाखवून भागत नाही, तालीमही लागते. तुम्ही काय ऐकून थांबता, काय ऐकूनही सोडून देता, थांबल्यावर किती बडबड करता, हे त्यांना बघायचं असतं. व्हिडिओ पसंत पडला तर पुढे प्रत्यक्ष ऑडिशन. आणि जागा म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक, फार तर दोन.

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात व्हायोला परफॉर्मन्स आणि ऑर्केस्ट्रल कंडक्टिंग अशा दोन्ही विषयांत मास्टर ऑफ म्युझिक करते आहे. पुण्याहून, मुंबईहून, गोव्याहून मुलं विचारत असतात, 'ताई, हे नेमकं जमवलंस कसं?' प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

व्हायोला माझ्याकडे आला तो सरांच्या हिशेबीपणामुळे. सर मूळचे गोव्याचे, लहानपणी चर्चच्या शाळेत सॉल्फेज, म्हणजे डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, शिकलेले, नंतर पुण्यात कॅम्पात स्थायिक झालेले. व्हायोलिनवर माझी सहावी ग्रेड झाल्यावर म्हणाले, "बाय, व्हायोलिनवाले रस्त्यावर मिळतात. व्हायोला घे, तुला लोक शोधत येतील." लोक शोधत आले नाहीत, पण व्हायोलाची अल्टो क्लेफ (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर हे ठरवणारी सुरुवातीची खूण) डोळ्यांत बसली, आणि पुढे कंडक्टिंगला तिचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. कंडक्टरच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या वहीत, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रंपेट ही मंडळी लिहिलेला स्वर वाजवतच नाहीत. बी फ्लॅट क्लॅरिनेटला सी लिहिलेला असतो आणि ऐकू येतो बी फ्लॅट. प्रत्येक स्वर मनात खाली-वर सरकवत बसण्यापेक्षा क्लेफ बदलून वाचायची जुनी युक्ती आहे: बी फ्लॅट क्लॅरिनेट टेनर क्लेफमध्ये, ए क्लॅरिनेट सोप्रानो क्लेफमध्ये, एफ हॉर्न मेझो-सोप्रानो क्लेफमध्ये. ज्याने आयुष्यभर फक्त ट्रेबल आणि बेस पाहिली त्याला हे महिनोन्महिने छळतं. व्हायोलावाला निदान एक पायरी वर उभा असतो.

पदवी माझी बी.कॉम.ची. सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा एलटीसीएल हा संगीताचा डिप्लोमा होता, जो ब्रिटनच्या चौकटीत पदवीच्या पातळीचा धरतात. अमेरिकेत याबाबतीत एकच नियम नाही. काही ठिकाणी बॅचलर संगीतातलीच हवी, काही ठिकाणी कुठलीही चालते आणि बाकीचं ऑडिशनवर ठरतं. मी अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी ईमेल करून हे विचारून घेतलं, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची नावं यादीतून खोडली. अर्जाची फी परत मिळत नाही, त्यामुळे हे आधी केलेलं बरं.

जर्मनीचा विचार केला नाही असं नाही. तिथल्या बऱ्याच सरकारी संगीत महाविद्यालयांत शिकवणीची फी नसते, नुसतं सेमिस्टरचं शुल्क भरावं लागतं. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो. पण जर्मन परंपरेत कंडक्टर तयार होतो ऑपेरा हाउसमध्ये, पियानोवर. प्रवेशपरीक्षेत समोर ऑपेराचा स्कोअर ठेवतात. त्यातला ऑर्केस्ट्रा दोन हातांनी पियानोवर वाजवायचा, तोंडाने गायकाची ओळ म्हणायची, आणि परीक्षक मध्येच समोर उभा राहून कंडक्ट करू लागला तर त्याच्या हातामागे जायचं. माझा पियानो म्हणजे चार कॉर्ड आणि देवाचं नाव. ते दार मी स्वतःच लोटून घेतलं. तुमचा पियानो चांगला असेल तर मात्र अमेरिकेआधी तिकडेच बघा. निदान कर्ज कमी होईल.

आता व्हिडिओ. पुण्यात ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं वाजवणारं माणूस शोधणं म्हणजे उन्हाळ्यात हापूस सोडून मँगोस्टीन मागण्यासारखं आहे, म्हणून नुसत्या तारवाद्यांची रचना निवडली: एल्गारची सेरेनेड फॉर स्ट्रिंग्ज, ओपस २०, १८९२ सालची. निवडीमागे स्वार्थ होता. पहिल्या भागाची सुरुवातच व्हायोला करतात, सहा-आठ या तालातला छोटा ठेका, आणि सगळी रचना त्या ठेक्यावर झुलते. तो ठेका कसा निघायला हवा हे मला हातातून माहीत होतं. वादक जमवले ते असे: सरांचे जुने विद्यार्थी, हिंजवडीतले दोन आयटीवाले, एक फादर, मुंबईहून चेलो घेऊन पहाटेच्या गाडीने आलेली एक मुलगी, आणि डबल बेससाठी एक जॅझवाला, ज्याने बो कित्येक वर्षांत हातात धरला नव्हता. सगळे मिळून डझनभर. मानधन म्हणून आईने केलेला मसालेभात आणि मठ्ठा.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला बहुतेक ठिकाणची मुदत संपते, म्हणजे रेकॉर्डिंग पावसाळ्यातच उरकायला हवं. आणि पुण्यात पावसाळा म्हणजे ढोल-ताशा पथकांच्या तालमी. शाळेचा हॉल संध्याकाळी फुकट मिळत होता, पण संध्याकाळी नदीपात्रातून जो आवाज येतो त्यापुढे एल्गारचं काय चालणार! शेवटी रविवारी सकाळी सातची वेळ ठरली. पंखे बंद, कारण माइकमध्ये घरघर येते आणि पार्टची, म्हणजे प्रत्येक वादकापुढच्या नोटेशनची, पानं उडतात. फादरना चर्चमधल्या नऊच्या मासला पोचायचं होतं. कॅमेरा म्हणजे माझ्या भावाचा फोन, वह्यांच्या गठ्ठ्यावर टेकवलेला.

त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की मी ज्याला कंडक्टिंग समजत होते ते ताल देणं होतं. लहानपणी आईने मला गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवलं होतं, त्यामुळे टाळी-खाली अंगात मुरलेली. ताल देणारा हात मात्रेवर पडतो. मात्रा आली, टाळी वाजली. कंडक्टरचा हात मात्रेवर पडून उपयोग नसतो, कारण तोवर वादकांना उशीर झालेला असतो. त्याला जे सांगायचंय ते आधीच्या मात्रेतच सांगून टाकावं लागतं: लय किती, जोर किती, स्वर टोकदार की मऊ. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे सुरुवातीचे ते जगप्रसिद्ध चार स्वर घ्या. बारच्या, म्हणजे तालाच्या एका घराच्या, पहिल्या जागी स्वर नाहीच, विश्रांती आहे. वाजायला सुरुवात होते ती त्या विश्रांतीनंतर. म्हणजे कंडक्टर जो ठोका देतो त्यावर कोणी वाजवत नाही. सगळे त्यावरून उडी घेतात. ठोक्याआधीचा हात अस्पष्ट असेल तर साठ माणसं साठ ठिकाणी उडी मारतात.

व्हायोलाचे व्हिडिओ त्यामानाने सुरळीत पार पडले. बाखच्या चेलो स्वीटमधले दोन भाग, स्टामिट्झचा डी मेजर कॉन्चेर्टो, ब्राम्सच्या ओपस १२० मधली दुसरी सोनाटा, आणि ऑर्केस्ट्रातले ठरलेले उतारे: मेंडेल्सोनचं स्केर्ट्झो, श्ट्राउसचं डॉन जुआन. पियानोच्या साथीला माणूस मिळायला वेळ लागला, एवढंच.

फेब्रुवारीपर्यंत कंडक्टिंगचे सगळे नकार येऊन पडले. छापील, सभ्य, दोन परिच्छेदांचे. फक्त एका प्राध्यापकांनी स्वतः लिहिलं. तुझा हात चालेल, कान बरा आहे, पण फुंकवाद्यांसमोर तू कधी उभी राहिलेली नाहीस. व्हायोलाला आमच्याकडे ये, पहिल्या वर्षी कंडक्टिंगचा वर्ग घे, आणि मग इथल्याच ऑर्केस्ट्रासमोर ऑडिशन दे. व्हायोलाला त्यांनी असिस्टंटशिपसह जागा देऊ केली: फी माफ, महिन्याला विद्यावेतन, बदल्यात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर त्याहून जास्त काम करता येतच नाही. आर्थिक मदतीसह आलेल्या जागेला उत्तर द्यायची १५ एप्रिल ही तारीख तिथली बरीचशी विद्यापीठं पाळतात. तोवर इतरांची वाट बघायची मुभा असते, कोणी घाई केली तरी घाबरायचं नाही.

बाबांचं म्हणणं होतं की फी माफ असेल तर जा, नसेल तर संगीताच्या डिग्रीसाठी घर गहाण ठेवणार नाही. मला ते तेव्हा झोंबलं, पण आता कोणी सल्ला विचारला तर मीही शब्दाला शब्द तेच सांगते. सेविस या अमेरिकेच्या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसाची फी, विमान, पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट हे खिशातूनच जातं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीत कौन्सुलेटच्या बाईंनी विचारलं, व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन का? मी हो म्हटलं. वाद घालायची ती जागा नव्हे.

इथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कोण कशात कच्चं आहे ते पाहणारी परीक्षा. थिअरी आणि इतिहास. थिअरीत ग्रेडच्या परीक्षांची पुण्याई कामी आली. इतिहासात १६०० पूर्वीचं सगळं मला अंधारात होतं, नोत्र दामचा ऑर्गानुम (चर्चमधल्या गायनाचा मध्ययुगीन प्रकार) कशाशी खातात हे माहीत नव्हतं. अशांना क्रेडिट न मिळणारा उजळणीचा वर्ग घ्यावा लागतो. भारतातून येणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं, कारण ग्रेडच्या परीक्षा वाद्य शिकवतात, इतिहास शिकवत नाहीत. निघण्याआधीच्या उन्हाळ्यात हे वाचून या.

कानाच्या वर्गात मात्र गंमत झाली. इथे 'डो' फिरता असतो, आपल्या सासारखा, त्यामुळे स्वरलेखन मला जड गेलं नाही. चार आवाजांचा कॉर्ड एकदम ऐकून खालपासून वरपर्यंत लिहायचा तिथे भंबेरी उडायची. आपला कान आडवा घडलेला, एका स्वरातून दुसऱ्यात जाणारा. उभा कान मला नव्याने करावा लागला. पण तंबोऱ्याचा हिशेब एका ठिकाणी वसूल झाला. एका तालमीत वुडविंड्सचा, म्हणजे बासरी-क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यांचा, लांब सी मेजर कॉर्ड काही केल्या बसेना. ज्याच्या-त्याच्या ट्यूनरवर, म्हणजे सूर तपासणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक स्वर हिरवा, म्हणजे बरोबर. मी वर्गातली असिस्टंट म्हणून मागे बसले होते. गांधार दुसऱ्या क्लॅरिनेटकडे होता आणि तो मला चढा लागत होता, कारण पियानोचा गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा चढाच असतो, जवळजवळ १४ सेंट. सेंट म्हणजे पियानोवरच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. प्राध्यापकांनी विचारल्यावर मी म्हटलं, "सेकंड क्लॅरिनेटला ट्यूनर बंद करून थोडं खाली यायला सांगा." तो खाली आला आणि कॉर्डचं खडबडणं थांबलं. इथल्या मुलांना हे पुस्तकातून शिकवतात. आईच्या तंबोऱ्याशेजारी मी गृहपाठ करत मोठी झाले, मला ते बसल्याजागी मिळालं होतं.

असिस्टंटशिपचं काम म्हणजे ऑर्केस्ट्राची लायब्ररी. ऐकायला कारकुनी, आणि आहेही. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या, पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवर बोइंग्ज करून देतो: कुठला स्वर खाली ओढायचा, कुठला वर ढकलायचा. त्यावरून बाकीचे विभागप्रमुख आपापले पार्ट करतात, आणि मग प्रत्येक स्टँडच्या प्रतीवर त्या खुणा हाताने उतरवायच्या, मऊ पेन्सिलने, कारण प्रकाशकाकडून भाड्याने आणलेले पार्ट खुणा खोडून परत द्यावे लागतात. तळघरातल्या त्या खोलीत मी बोटं काळी होईपर्यंत चौकोनी कंस आणि व्ही काढले आहेत. पण ब्राम्स व्हायोलांना कधी मोकळं सोडतो, दुसऱ्या व्हायोलिनला कुठे श्वास घ्यायलाही जागा नाही, हे मला त्या पेन्सिलीनेच शिकवलं. स्कोअर समोर घेऊन अभ्यास करताना डोळा वरच्या सुरावटीवर जातो. पार्टच्या प्रती करताना मधल्या आवाजांतून सुटका नसते.

थंडीबद्दल व्हायोलाच्या वतीने दोन शब्द. पावसाळ्यात पुण्यात खुंट्या फुगून अडकतात. इथे जानेवारीत हीटरने हवा इतकी कोरडी होते की खुंट्या रात्रीत सैल पडून चारही तारा लोंबकळतात, आणि दुर्लक्ष केलं तर पाट्यांचा सांधा उकलतो. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ६० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. डँपिट नावाची ओली करून वाद्याच्या पाटीवरच्या एफ-होल या भोकातून आत सोडायची हिरवी नळी मिळते. ती पिळून, पुसून मगच आत घाला.

कंडक्टिंगच्या वर्गात दर आठवड्याला आपलाच व्हिडिओ बघावा लागतो, आणि प्राध्यापक आधी आवाज बंद करतात. मग विचारतात, "काय वाजतंय सांग." आवाज नसताना तुझ्या हातावरून पियानो (हलका आवाज) की फोर्टे (जोरकस), लेगाटो (जोडून) की स्टकाटो (तोडून) हे ओळखता आलं नाही, तर वादकांना तरी कुठून कळणार? माझा डावा हात उजव्याची नक्कल करत होता, दोन्ही हात आरशातल्यासारखे. हा सगळ्यांचाच रोग. उपाय म्हणून पुढचे काही आठवडे डावा हात खिशात.

या वर्गात खरं चलन एकच: पोडियमवरची, म्हणजे कंडक्टर उभा राहतो त्या चौथऱ्यावरची, मिनिटं. सरावासाठी लॅब ऑर्केस्ट्रा असतो, म्हणजे तारवाद्यांचे पाच-सहाजण, येतील ते फुंकवाद्यवाले, आणि गैरहजरांच्या जागी दोन पियानो. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं. बाकी आठवडा स्कोअर, पियानो, आणि दुसऱ्यांच्या तालमी. झुबिन मेहता १९५४ साली मुंबईहून व्हिएन्नाला शिकायला गेले, आणि तिथे ते आणि त्यांच्यासोबत शिकणारे, पुढे नामवंत कंडक्टर झालेले क्लाउडिओ आब्बादो मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून कोरसमध्ये गायला लागले होते. मीही विद्यापीठाच्या कोरसमध्ये नाव घातलं. अल्टोत मागच्या रांगेत उभं राहून कंडक्टर समोरून दिसतो, हे प्रेक्षकांत बसून कधीच साधत नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी ऑडिशन झाली. आधी कान: ऑर्केस्ट्रा एक उतारा वाजवतो आणि काही वादकांच्या पार्टमध्ये मुद्दाम चुका घातलेल्या असतात, त्या पकडायच्या. स्वरांच्या चुका मला सापडल्या. दुसऱ्या हॉर्नची लयीतली चूक निसटली. मग बीथोव्हनची पहिली सिंफनी. १८०० सालच्या या सिंफनीची सुरुवात चालीरीती सोडूनच होते: सिंफनी सी मेजरमध्ये, पण पहिला कॉर्ड एफकडे ओढणारा. फुंकवाद्यं तो धरून ठेवतात आणि त्याच क्षणी तारवाद्यं तो पिझिकाटो, म्हणजे बोटाने छेडतात. फुंकवाद्याला हवा भरायला क्षण लागतो, छेडलेली तार लगेच वाजते. लॅबमध्ये दोन पियानोंवर हा कॉर्ड नेहमी चोख लागायचा. पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर पहिल्यांदा लागला तो 'टक्-हाऽ' असा, तारा आधी, हवा मागून. मी थांबले, एवढंच म्हटलं, "स्ट्रिंग्ज, ओबोच्या श्वासाबरोबर छेडा," आणि हात देताना मी स्वतःही तोंडाने श्वास घेतला. दुसऱ्यांदा एकत्र आला. प्राध्यापकांनी मुलाखतीत बाकी काही विचारण्याआधी हेच विचारलं, की हात मोठा न करता श्वास का घेतलास? मी म्हटलं, हात मोठा केला असता तर तारा अजून लवकर आल्या असत्या.

आता दुसरी डिग्री शेवटाला आली आहे. व्हायोलाचं रिसायटल, म्हणजे पदवीसाठीचा जाहीर कार्यक्रम, झालं, कंडक्टिंगचं एप्रिलमध्ये. पुढे डीएमए, म्हणजे संगीतातली डॉक्टरेट, करायची की नाही यावर घरी रोज चर्चा. विद्यापीठात शिकवायचं असेल तर ती बहुतेक ठिकाणी लागते; नसेल तर पुढची तीन-चार वर्षं पुन्हा मिनिटं मोजत काढायची. मायदेशात व्यावसायिक काम देणारा ऑर्केस्ट्रा म्हणजे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून असलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, आणि एका ऑर्केस्ट्राच्या भरवशावर कोणी कंडक्टर होत नाही. सध्या माझा डोळा इथल्या शहरातल्या युवा ऑर्केस्ट्रावर आहे. त्यांना असिस्टंट हवा आहे. पगार किरकोळ, पण दर शनिवारी तालीम आणि त्यातला अर्धा तास पूर्णपणे असिस्टंटचा. डिग्रीनंतर परदेशी विद्यार्थ्याला मिळणाऱ्या वर्षभराच्या ओपीटी या कामाच्या परवान्यात हे काम बसतं. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. तेरा-चौदा वर्षांच्या हॉर्नवाल्यांना द्वोरझाकचा आठवा स्लाव्होनिक डान्स झेपेल का, ते स्कोअर घेऊन आजपासून बघायला बसले आहे.